छताची वेगळी पेटी

बोगद्याच्या तोंडाशी पत्र्याची शेड होती, शेडमध्ये मातीचा ढीग होता, आणि ढिगाशेजारी बुटक्या स्टुलावर जी बाई बसायची तिला सगळे बूचवाली म्हणायचे. तोंडावर मावशी, पाठीमागे बूचवाली. तिला दोन्ही ऐकू यायचं आणि दोन्हीचा तिला अभिमान होता.

काम सांगायला सोपं. डोंगराच्या पोटातून पाण्यासाठी बोगदा चालला होता. समोरच्या कातळात लांब भोकं पाडायची, त्यात दारूच्या कांड्या सारायच्या, तारा जोडायच्या आणि भोकाच्या तोंडाला ओल्या मातीचं बूच ठोकून बसवायचं. बूच नसलं तर दारूचा जोर फुस्सकन बाहेर निघून जातो आणि कातळ हसत उभा राहतो. बूच घट्ट असलं तर जोराला पळवाट मिळत नाही, मग तो कातळावरच राग काढतो.

"दारू काय, कुणीही भरेल," बूचवाली म्हणायची. "तोंड बंद ठेवायला अक्कल लागते."

ही अक्कल तिनं स्वतःच्या तोंडाला कधी लावली नाही, ती गोष्ट वेगळी.

तीन भाग चिकणमाती, दोन भाग रेती, पाणी हाताच्या अंदाजानं. मळायचं, वळायचं, फळीवर लोळवून वीतभर लांबीच्या नळ्या करायच्या, ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवायच्या. तीस वर्षं तिनं हेच केलं. आधी नवऱ्यासाठी, तो सुरुंगवाला होता. दगडाची धूळ छातीत साठून तो गेला, मग मुलासाठी, कारण मुलगाही सुरुंगवालाच झाला. शाळेत ती दुसरीपर्यंत गेली होती असं ती सांगायची, आणि तिची बहीण सांगायची की दुसरीच्या दारापर्यंत. पण तिची पेटी आत गेली की ती कुणी तपासत नसे. मुलगा तर नाहीच नाही. आईच्या पेटीतलं बूच मोजून बघायचं म्हणजे आईनं वाढलेलं ताट हुंगून बघण्यासारखं.

स्फोट झाला, धूर निघून गेला की मुलगा आत एक फेरी मारायचा आणि बाहेर आला की आधी शेडकडे यायचा. "आई, बुचं धरली," एवढंच म्हणायचा. दोन शब्द. त्या दोन शब्दांवर तिचा दिवस पार पडायचा.

मग त्यानं लग्न केलं, आणि तेही कातळाच्या डॉक्टरणीशी.

डॉक्टरीण हे नाव बूचवालीनंच ठेवलेलं. सून शिकलेली इंजिनिअर होती. स्फोटानंतर आत जाऊन भिंतीला आणि छताला किती मार बसलाय ते बघायचं, हे तिचं काम. "माणूस कण्हत पडला तर डॉक्टर मिळत नाही," बूचवाली कामगारांच्या बायकांना सांगायची, "आणि दगडाची नाडी बघायला बघा कशी पदवीवाली ठेवलीय." बायका हसायच्या. नंतर त्याच बायका सुनेकडे जाऊन मुलांच्या अभ्यासाचं विचारायच्या, तेही तिच्या डोळ्यांना दिसायचं.

दोन खोल्यांचं घर. पूर्वी जेवताना मायलेक बोलत नसत आणि त्यात काही कमी आहे असं कुणाला वाटत नसे. आता जेवायला बसलं की कातळ पानात. दोघं चमच्यानं टेबलावर रेघा मारायची, कोपरात कोपर, आणि मुलगा हसायचा. हसायचं त्याला माहीत होतं हेच बूचवालीला नवीन होतं. इतकी वर्षं कुठे ठेवलं होतं हे हसू, कोणत्या कपाटात, ते तिला कधी सापडलं नाही. आणि आता बाहेर आला की पावलं शेडकडे वळत नसत. आधी दोघं दिव्याखाली कागदावर डोकी घालून उभी राहायची, हेल्मेटला हेल्मेट टेकवून. शेडकडे यायचा तेव्हा अर्धा तास उलटलेला असायचा आणि दोन शब्दांचं एक वाक्य झालेलं असायचं: "आई, ती म्हणते, बुचं चांगली आहेत."

ती म्हणते. म्हणजे आता बुचांनाही सर्टिफिकेट लागणार.

सुनेचं म्हणणं काय होतं, ते बूचवालीला पाठ होतं, कारण घरात दुसरं काही बोललंच जात नव्हतं. सून म्हणायची, पुढचा दगड फुटायलाच हवा, त्यासाठीच दारू आहे. पण आजूबाजूचा दगड राहायचा असतो, उद्या त्यालाच छत म्हणायचंय. तुम्ही पुढच्याला मारता तेव्हा शेजारच्याची पण हाडं मोडता, आणि मग वर्षभर त्याला लोखंडाच्या कुबड्या लावत बसता. म्हणून तिनं छताच्या कडेची भोकं जवळजवळ पाडायला लावली. त्यात बारीक कांड्या, त्याही मध्ये मोकळी जागा सोडून. आणि त्या भोकांना वीतभर बूच नको, चार बोटांचं पुरे, तेही हलक्या हातानं. जोर थोडा बाहेर जाऊ दे. असं केलं की भोक उभं चिरलं जातं आणि त्याची अर्धी नळी छतावर तशीच राहते, पन्हळीसारखी. जितक्या पन्हळी दिसतील तितका कातळ धडधाकट.

"चार बोटांचं बूच," बूचवाली म्हणाली होती. "आणि उरलेल्या भोकात काय, वारा भरायचा?"

"हो आई," सून म्हणाली, "वाराच भरायचाय."

थट्टेला असं सरळ उत्तर देणाऱ्या माणसाशी भांडणार तरी कसं.

मोठ्या साहेबांनी सुनेला तीस स्फोट दिले होते. तीस स्फोट छत तिच्या पद्धतीनं टिकलं, वर टाचलेल्या आखूड लोखंडी सळ्यांवर टिकलं, तर पुढचा सगळा बोगदा तसाच. नाहीतर जुनी पद्धत, आणि बाईंनी हेड ऑफिसात परत जाऊन टेबल सांभाळायचं. हेड ऑफिस लांब होतं. सून शनिवार-रविवारची बायको होणार होती. बूचवालीला शनिवार-रविवार चालले असते. आठवड्याचे बाकीचे पाच वार तिला हवे होते, ते तिचेच होते असं तिचं म्हणणं होतं.

तेव्हापासून शेडमध्ये दोन पेट्या झाल्या. एक नेहमीची, वीतभर बुचांची. दुसरी छताची, आखूड बुचांची, तिच्यावर सुनेनं लाल रंगाचा पट्टा मारलेला. बूचवाली ती दुसरी पेटी भरायची तेव्हा तिला लहान मुलांची भातुकली मांडल्यासारखं वाटायचं.

एकोणीस स्फोट झाले. एकोणीस वेळा पन्हळी निघाल्या. विसाव्याच्या आदल्या दिवशी बाहेरचे पाचसहा साहेब बघायला आले. मुलगा त्यांना आत घेऊन गेला, बाहेर घेऊन आला, आणि शेडच्या दोन पावलांवर उभा राहून म्हणाला, "हे सगळं माझ्या बायकोचं डोकं आहे." साहेबांनी माना हलवल्या. एकानं शेडकडे बघून विचारलं, "आणि इथे काय होतं?" मुलगा म्हणाला, "इथे माती मळतात."

मळतात. कोण मळतात, तुझी कोण लागते ती, काही नाही. तीस वर्षं दोघांच्या हाताला, बापाच्या आणि लेकाच्या, जिनं जोर दिला ती कर्त्याशिवायची नुसती मळतात. साहेब निघून गेले. बूचवालीच्या हातातलं बूच तिच्याच मुठीत चेंबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं लाल पट्ट्याची पेटी वीतभर बुचांनी भरली. नुसती वीतभर नाहीत. रेती कमी, माती जास्त, दोनदा मळलेली, अशी घट्ट की फळीवर ठक्क वाजावीत.

वेडी नव्हती ती. स्फोटाच्या वेळी आत कुणी नसतं, हे तिला ठाऊक होतं. कडेचा दगड जास्त पडेल, पन्हळी निघणार नाहीत, साहेबांच्या कपाळाला आठी पडेल, सुनेचं नाक खाली होईल. पडला तर दगड पडेल, माणूस नाही. एवढाच तिचा विचार होता, आणि एवढाच विचार केला हीच तिची चूक.

पेटी न्यायला ढोल्या आला. ढोल्या भोकं भरायचा, देहानं भोकात मावला नसता, पण हात हलका होता. त्यानं गोणपाट उचललं आणि म्हणाला, "मावशी, छताची आज लांब दिसतायत."

"तुझी जीभ लांब आहे. बदललंय ते."

"बाईंनी बदललं?"

"मग काय मी डोंगराला विचारून केलं?"

ढोल्या मुकाट्यानं पेटी घेऊन गेला. मावशीच्या पेटीवर शंका घ्यायची त्याची छाती नव्हती, आणि मुलगा तिकडे तारांत गुंतला होता. लाकडी काठीनं बुचं आत गेली. ती लांब आणि कडक, त्यामुळे ठोकताना कांड्यांच्या मधला मोकळा वाराही दाबला गेला आणि सगळं एकाला एक चिकटून बसलं. ते कुणी बघितलं नाही, भोकात कोण बघणार.

दुपारी स्फोट झाला. शेडचा पत्रा नेहमीपेक्षा जास्त वाजला. बूचवालीनं माती मळणं थांबवलं नाही, पण कान सगळे आत लावले.

तासाभरानं सून बाहेर आली. धुळीनं पांढरी झालेली, आणि दात दिसत होते. "चोवीसात एकवीस पन्हळी," ती मुलाला म्हणाली. "आतापर्यंतचा सगळ्यात चांगला." कामगारांनी टाळ्या वाजवल्या. ढोल्यानं तर शिट्टी मारली.

आपण विष कालवावं आणि समोरच्यानं ते पिऊन ढेकर द्यावी, याला काय म्हणायचं. काही बाया नशीब घेऊन जन्माला येतात. त्यांचं वाईट करायला जा, ते सुद्धा चांगलंच होतं.

दिवेलागणीला जेवायला बसले तेव्हा तिला राहवलं नाही. "म्हणजे बुचाला काही अर्थच नाही म्हणा की," ती म्हणाली. "लांब काय नि आखूड काय. पन्हळी काय, निघायच्या त्या निघतातच."

ही थट्टा होती. पण सुनेला थट्टा कळत नसे, तिनं चमचा खाली ठेवला.

"उलट आहे आई. पन्हळ दिसली म्हणजे झालं असं नसतं. बूच लांब असतं ना, तर धुराचा दाब बाहेर न येता मागे छतात शिरला असता. लाकडात पाचर जाते तसा. खालून बघाल तर पन्हळ सुरेख, आणि आत तडेच तडे. बरं, ते लगेच पडत पण नाही. एक दिवस, दोन दिवस डोंगराचं वजन त्यावर बसत जातं, आणि मग एकदम लादीच सुटते."

"वाजवून कळतं की," मुलगा म्हणाला. "पहारीनं ठोकलं की."

"पहिल्या दिवशी नाही कळत. सुटायला लागल्यावर कळतं."

बूचवालीनं घास तोंडात घातला होता तो तिथेच राहिला. "आणि त्या सळ्या?" तिनं विचारलं. "त्या धरत नाहीत?"

छताला वर भोकं पाडून लोखंडी सळ्या सिमेंटनं बसवायच्या, खालचा सैल दगड वरच्या पक्क्या दगडाला टाचायचा, हे तिला माहीत होतं. उद्या सकाळी तेच काम होतं. मुलगाच मचाणावर चढणार होता.

"सळई तड्यांच्या पलीकडे गेली तर धरते ना," सून म्हणाली. "आपली दोन हात लांब आहे, कारण आपले तडे हातभराच्या आतच असतात. तडे त्याहून खोल गेले असते, तर सळई सैल दगडातच टाचली गेली असती. तुटलेलं बटण तुटलेल्या बाहीला शिवल्यासारखं." आणि मग ती पहिल्यांदाच सासूकडे बघून जरा लाजल्यासारखी हसली. "पण तुमच्या बुचांचं मी बघतच नाही कधी. ती एक काळजी मला नसते."

याहून ती चार शिव्या देती तर बरं झालं असतं. बूचवाली पानावरून उठली. पोट भरलं, म्हणाली.

अंथरुणावर पडली तेव्हाही ती सुनेवरच चिडली होती. असं कसं बघत नाही ही? शिकलेली ना? चार बुकं वाचली आणि पेटी उघडून बघायची अक्कल नाही? सासूवर विसंबते, सासूवर कुणी विसंबतं का? असं करत करत सगळा दोष सुनेच्या पदरात बांधून झाला, पण गाठ काही बसेना.

सकाळी मुलगा बूट घालत होता. ती दारात उभी राहिली. "आज नको जाऊस."

"का?"

"माझा जीव थाऱ्यावर नाही. छाती धडधडतेय."

"मग तू नको जाऊस," मुलगा म्हणाला. "पडून राहा. ढोल्या मळेल आजच्यापुरती."

"लेका, मी तुझ्या छताबद्दल बोलतेय. मला काही ते बरं वाटत नाही. स्फोटाचा आवाज वेगळा होता."

मुलगा हसला. तेच ते कपाटातलं हसू, पण आज तिला लागलं. "आई, काल ती स्वतः तपासून आलीय. एकवीस पन्हळी. तिच्या शब्दावर मी डोळे मिटून आत जाईन."

तिच्या शब्दावर. आईच्या छातीची धडधड गेली चुलीत. बूचवालीच्या ओठावर आलेलं सगळं मागे फिरलं. जा मग, ती मनात म्हणाली, जा तिच्या शब्दावर. आणि तो गेला.

ती शेडमध्ये येऊन बसली. माती घेतली. माती हाताला लागेना, चिकटली तर सुटेना, सुटली तर वळेना. आतून पंख्याचा घुंघुं आवाज येत होता. अजून ड्रिल सुरू झालं नव्हतं. म्हणजे मचाण लावतायत. मचाण लावलं की तो चढणार, हातभर अंतरावर डोकं नेऊन छतात ड्रिल घालणार, थरथर, थरथर. आणि वरती तिची चोवीस बुचं कातळात पाचरीसारखी घुसलेली.

तिनं हात पुसले नाहीत. उठली आणि आत चालायला लागली.

तीस वर्षांत ती बोगद्याच्या तोंडाच्या पुढे गेली नव्हती. काम तोंडाशी, जायचं कशाला. पहिली दोनशे पावलं नवऱ्याच्या हातची होती, तो जायच्या आधीची. तिनं दिव्यात वर बघितलं. लोखंडी कमानी, जाळ्या, जाळ्यांत अडकलेले दगडाचे तुकडे, पाणी ठिबकतंय. जागोजागी छत इतकं ओरबाडलेलं की त्यात खोली मावेल. तो घरी येऊन सांगायचा, आज पोटभर दारू भरली, डोंगर गदगदला. तिनं त्यावर अभिमानानं मान डोलावलेली होती. त्याचा तो बोगदा कुबड्या घेऊन उभा होता.

मग कमानी संपल्या आणि सुनेचा बोगदा सुरू झाला.

छत गुळगुळीत, गोल, आणि त्यावर लांबच लांब पन्हळी, एकीला लागून एक. कुणी मोठा कंगवा घेऊन डोंगराचे केस विंचरावेत तशा. जाळी नाही, पाणी नाही, मध्ये मध्ये सळ्यांची टोकं तेवढी बटणांसारखी. बूचवाली चालता चालता थांबली. असं काही तिनं तीस वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकलंही नव्हतं. सुंदर होतं ते. तिला ते सुंदर दिसलं याचा तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

पुढे ड्रिल सुरू झालं.

ती धावली. ओल्या दगडावर, त्या वयात, चपला घालून. मुलगा मचाणावर, शेजारी ढोल्या, खाली सून हातात टॉर्च घेऊन वर बघत उभी. कातळात ड्रिल जेमतेम टेकलेलं.

"खाली उतर," बूचवाली ओरडली. ड्रिलच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. तिनं मचाणाचा पाय धरून हलवला. मुलानं खाली बघितलं, ड्रिल बंद केलं.

"आई? तू इथे कशी?"

"खाली उतर आधी."

"अगं पण काय झालं?"

तिनं मुलाकडे बघितलं नाही. सुनेकडे बघितलं. ज्या बाईसमोर तिनं आयुष्यात मान वाकवायची नाही असं ठरवलं होतं, तिलाच सांगणं भाग होतं, कारण ऐकून कळणारी तीच एक होती.

"काल छताची बुचं वीतभर होती," ती म्हणाली. "मी केली. घट्ट माती, रेती कमी. ढोल्याला सांगितलं तूच बदललंस म्हणून."

ढोल्याचा चेहरा पडला. मुलगा म्हणाला, "का?"

सुनेनं का विचारलं नाही. "सगळे मागे," ती म्हणाली. "आत्ता. ड्रिल राहू दे तिथेच. सळ्या लावलेल्या छताखाली चला, पळा."

मुलगा उतरेपर्यंत बूचवालीनं मचाणाचा पाय सोडला नाही. सुनेनं तिचं मनगट धरून तिला ओढत मागे नेलं. मऊ हात असेल असं बूचवालीला वाटायचं, तो मऊ नव्हता.

मग सुनेनं पक्क्या छताखाली उभं राहून लांब पहार पुढे नेली आणि ठोकली. काल हेच छत ठण्ण वाजलं होतं. आज भद्द वाजलं. मडक्याला तडा गेल्यावर वाजतं तसं. आवाज सगळ्यांना कळला, अगदी ढोल्यालासुद्धा. तिथूनच दुसऱ्या ड्रिलनं तिरकं एक लांब भोक पाडलं आणि सुनेनं त्यात आकडा केलेली तार घातली, हळूहळू ओढत आणली. तार गुळगुळीत दगडावरून सरकते, तड्यात अडकते. दीड हातावर अडकली. सव्वादोन हातांवर अडकली. तीन हातांना थोडी कमी असताना पुन्हा अडकली. सुनेनं तारेवर खूण केली आणि ती मुलाला दाखवली. दोन हातांची सळई. तीन हातांचा तडा.

लांब पहारींनी तिघांनी कडेकडेनं ओढायला सुरुवात केली. चौथ्या की पाचव्या हिसक्याला लादी सुटली. चार खाटा मांडाव्यात एवढी, अंगावर सहा सुरेख पन्हळी घेऊन, ती सरळ मचाणावर आली. मचाणाचे पाय चारी दिशांना फाकले. धूळ बसली तेव्हा मचाणावरचं ड्रिल कुठे आहे ते दिसत नव्हतं.

मुलानं त्या ढिगाकडे बघितलं. मग तो वळला आणि बायकोकडे गेला. सून भिंतीला पाठ लावून खाली बसली होती. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. आईकडे त्यानं बघितलं नाही.

बूचवाली जिवंत मुलाकडे डोळे भरून बघत होती. त्या क्षणीसुद्धा, इतकं सगळं झाल्यावरसुद्धा, तिच्या मनात आधी आलं ते हेच, की तो आधी तिकडे गेला. तिला स्वतःची लाज वाटली, पण जे आलं ते आलं.

दुपारी मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये सून रिपोर्ट लिहीत बसली. बूचवाली दाराशी उभी होती, बस म्हटलं तरी बसली नाही.

"काय लिहिलंस ते वाचून दाखव," ती म्हणाली.

"छताच्या भोकांना सांगितल्यापेक्षा लांब आणि कडक बुचं वापरली गेली," सुनेनं वाचलं. "त्यामुळे छताला तीन हातांपर्यंत इजा झाली. बुचं कुणी बदलली तेही लिहिलंय आई. मी ते गाळणार नाही."

"गाळ म्हणतंय कोण. मीच आत येऊन सांगितलं, तेही लिहिलंस का?"

सुनेनं पेन उचललं. "नाही. लिहिते."

साहेबांनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "एकोणीस स्फोट बाद. बाई, तुम्हाला पहिल्यापासून मोजायला लागतील. आणि या बाईंना उद्यापासून नको."

"नाही," सून म्हणाली. "त्या राहतील."

बूचवालीनं मान वर केली. आता ही उपकार करणार, तिला वाटलं, आणि उपकाराखाली जन्मभर दाबणार.

"मला तीस स्फोट पहिल्यापासून करायचेत," सून साहेबांना सांगत होती. "त्यात नवीन माणसाचं शिकणं मला परवडणार नाही. यांच्या हाताला चूक होत नाही. काल पण झाली नाही, त्यांनी ठरवून केलं. फक्त यापुढे पेटी आत जायच्या आधी उघडून तपासली जाईल. रोज. आणि ती मी नाही तपासणार."

"मग कोण?"

"सुरुंगवाला. भोकं तोच भरतो, तर जबाबदारी त्याची."

हे ऐकून बूचवालीला पहिल्यांदा सून समजली. मायेचा टिपूस नाही, नुसतं काम. अशा बाईचा राग करायला सुद्धा कष्ट पडतात.

घरी चार दिवस मुलगा आईशी बोलला नाही. पाणी मागायचं तरी बायकोकडे. सून दोघांच्या मध्ये पाण्याचा पेला ठेवायची आणि आपल्या कागदात डोकं घालायची.

पाचव्या दिवशी मचाण दुरुस्त झालं आणि काम सुरू झालं. सकाळी मुलगा शेडमध्ये आला. स्टूल ओढून आईच्या समोर बसला. लाल पट्ट्याची पेटी उघडली. एक बूच काढलं, बोटांनी मापलं, मग अंगठ्यानं मधोमध फोडलं आणि आत रेती किती आहे ते बघितलं.

तीस वर्षांत तिचं बूच कुणी असं फोडलं नव्हतं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. चार दिवसांतला तिच्याशी पहिला शब्द.

"एकानं काय कळतंय," ती म्हणाली. "दुसरं फोड."

त्यानं दुसरं फोडलं. मग तिसरं. पेटीच्या तळाचंही एक काढलं. ती प्रत्येक फोडलेल्या बुचाची माती परत मळून त्याच्या हाताशी नवीन वळून देत होती, आणि तो ते मापत होता. पूर्वी तो दोन शब्दांसाठी यायचा. आता पेटी संपायला पाव तास तरी लागणार होता, रोज.

बाहेर उजेडात सून हेल्मेट घालून उभी होती. तिनं एकदा घड्याळ बघितलं. मग परत बघितलं.

"सावकाश बघ," बूचवाली मुलाला म्हणाली. "घाई करू नकोस. छताचं काम आहे."